निकेलचा मुलामा, झारचा अधिकारी आणि दोन दिवसांची मुदत

पत्राचा सारांश: पत्रलेखक जुनी खिशातली घड्याळं जमवतात. ओळखीच्या एका संग्राहकाने त्यांना स्मिथ अँड वेसनचं ‘न्यू मॉडेल नंबर ३’ रिव्हॉल्व्हर देऊ केलं आहे. कॅलिबर (नळीच्या आणि काडतुसाच्या मापाचं नाव) .४४ रशियन, नळी साडेसहा इंची, अंगभर निकेल, ‘घोडा (काडतुसावर आपटणारा भाग) आणि चापसुद्धा आरशासारखे’. सोबत अकरा जुनी काडतुसं. विकणाऱ्याच्या म्हणण्यानुसार हे रिव्हॉल्व्हर झारच्या फौजेतल्या एका अधिकाऱ्याचं आहे, त्यातला प्रत्येक भाग मूळ आहे, ते ‘एकदम चालू स्थितीत’ आहे, आणि हे कॅलिबर कधीच बाद झाल्यामुळे परवान्याची भानगडच नाही. फोटोंत मुठीच्या तळाचा नंबर आणि सिलिंडरवरचा, म्हणजे काडतुसं धरणाऱ्या फिरत्या भागावरचा, नंबर जुळत नाही, हे पत्रलेखकांच्या लक्षात आलं. त्यावर ‘त्या काळी असं चालायचं’ एवढंच उत्तर मिळालं. एक मित्र म्हणतो, चेंबर (सिलिंडरमधली काडतुसांची भोकं) जरा घासून घेतले की हल्लीची .४४ची काडतुसं बसतील. पत्नीला ही वस्तू घरात नको आहे. दोन दिवसांत हो-नाही कळवायचं आहे. ‘गुंतवणूक म्हणून बरी, आणि कधीमधी रेंजवर चालवताही येईल. घ्यावं का?’ असा प्रश्न आहे.

नमस्कार,

नंबर जुळत नाहीत हे तुम्ही स्वतः हेरलंत, म्हणजे घड्याळं उघडून बघायची सवय इथेही कामाला आली. मग त्या शंकेला इतक्या सहज गप्प का बसवलंत? घड्याळाच्या डबीवर एक नंबर आणि आतल्या यंत्रावर नोंदीत न बसणारा दुसरा, असं दिसलं असतं तर ‘त्या काळी चालायचं’ हे उत्तर तुम्ही ऐकून घेतलं नसतं.

आणि त्या काळी असं चालत नव्हतं. या कारखान्यात रिव्हॉल्व्हरचे भाग एकमेकांना हाताने बसवले जात आणि म्हणूनच त्यांवर एकच नंबर टाकला जाई. मुठीच्या तळाशी, सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, नळीवर, नळी बंद करणाऱ्या खिटीवर (हे रिव्हॉल्व्हर बिजागरीवर नळी खाली वाकवून उघडतं), आणि मुठीच्या उजव्या फळीच्या आतल्या बाजूला. फळी काढायला एकच स्क्रू लागतो, पण काढायला विकणाऱ्यालाच सांगा, आणि त्याचा स्क्रूड्रायव्हर खाचेत नीट बसतोय ना हेही बघा. खाच चेपलेली किंवा ओरखडलेली असेल तर कुणीतरी आधी आत जाऊन आलंय. सिलिंडरचा नंबर वेगळा म्हणजे सिलिंडर दुसऱ्या रिव्हॉल्व्हरचं. त्याने वस्तू टाकाऊ होत नाही. पण ‘सगळं मूळ’ हे वाक्य तिथेच संपतं, आणि त्या वाक्याचे पैसेही.

आता आरशासारख्या घोड्याकडे या. निकेलची रिव्हॉल्व्हरं या कारखान्यातून बाहेर पडत तेव्हा घोडा आणि चाप यांवर निकेल चढवलेलं नसे. ते भाग कठीण केलेल्या पोलादाचे, निळ्या-तपकिरी ढगाळ रंगाचे असत. दीड शतकात तो रंग उडून राखाडी होतो, पण त्याचं निकेल होत नाही. घोडा आणि चापही चकचकीत असतील, तर सगळं सुटं करून नंतर कुणीतरी मुलामा दिलाय असं धरून चालायचं. ते काम कारखान्यानेच परत केलं असेल तर बहुधा तशी खूण सापडते: मुठीजवळ एक चांदणी, किंवा मुठीखाली आर-एन ही रोमन अक्षरं. तशी खूण नसेल तर ते गल्लीतल्या मुलामेवाल्याचंही काम असू शकतं. मुलाम्याच्या रंगावरूनही थोडं कळतं. निकेलला किंचित पिवळसर ऊब असते, क्रोमला निळसर थंडपणा. आणि क्रोमचा मुलामा बाजारात रुळला १९२०च्या दशकापासून, म्हणजे तो असेल तर वादच मिटला.

मुलाम्याचं खरं दुखणं त्याच्याखाली असतं. मुलामा देण्याआधी धातू घासून गुळगुळीत करावा लागतो. त्या घासण्यात कडा गोल होतात, स्क्रूभोवतीची सपाट जागा बशीसारखी खोलगट होते, आणि अक्षरं उथळ होतात. नळीच्या वरच्या पट्टीवर कारखान्याचा पत्ता आणि पेटंटच्या तारखा एका ओळीत कोरलेल्या आहेत. खिडकीतून येणारा उजेड तिरपा पडेल असं धरून भिंगाने ती ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा. मधली दोन-तीन अक्षरं पुसट आणि कडेची ठळक असतील, तर तिथे चाक जास्त वेळ टेकलं होतं. चकाकीखाली बारीक खड्डे दिसले, तर आधी गंज होता आणि नंतर चकाकी आली. नव्या संग्राहकाला सगळ्यात जास्त पैसे मोजायला लावते ती ही चकाकीच. मुरलेला संग्राहक अर्धं निकेल उडालेलं, पण कुणी हात न लावलेलं रिव्हॉल्व्हर आधी उचलतो.

झारच्या अधिकाऱ्याची गोष्ट मात्र मला वस्तूवरूनच पटत नाही. कॅलिबरच्या नावात ‘रशियन’ आहे, त्यावरून ही गोष्ट जन्मली असावी. १८७०च्या सुमारास रशियन सरकारने या कंपनीला मोठी मागणी दिली, पण काडतूस बदलून मागितलं. आधीच्या काडतुसात गोळीचा बाहेरचा भाग कवचाएवढाच जाड असे, आणि तिला लावलेलं वंगण उघड्यावर राहून खिशातली धूळ गोळा करी. रशियनांनी गोळी कवचाच्या आत बसणारी आणि वंगण झाकलेलं असं काडतूस मागितलं. ते इतकं चांगलं निघालं की पुढे तीच रीत झाली. रशियासाठी बनलेली रिव्हॉल्व्हरं मात्र ‘रशियन मॉडेल’ म्हणून वेगळी ओळखली जातात. पट्टीवर रशियन लिपीतला मजकूर, दुहेरी गरुडाचा शिक्का, तपासनिसांच्या खुणा, आणि त्यांतल्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात चापाच्या कड्याखाली बोट टेकायला एक वाकडा काटा. तुम्हाला देऊ केलेलं न्यू मॉडेल १८७८ साली आलं. त्याच्या पट्टीवर इंग्रजी मजकूर असतो आणि तो काटा सहसा नसतो. सुमारे पस्तीस हजार नग बनले आणि ते जगभर गेले. जपानच्या आरमाराने घेतलेल्यांवर नांगराची खूण आहे. ऑस्ट्रेलियातल्या वसाहतीच्या पोलिसांनी खांद्याला लावायच्या दस्त्यासकट घेतले. एखादा रशियन अधिकारी स्वतःच्या पैशाने बाजारातून एक विकत घेऊ शकत होता, हे कबूल. पण मग तसा कागद हवा. बिल, पत्र, नाव कोरल्याची जुनी खूण, काहीही. कागद नसेल तर गोष्ट चहाबरोबर ऐकायची, किमतीत धरायची नाही.

कागद मिळवायचा एक रस्ता तुमच्या हातात आहे. या कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या अजून जपलेल्या आहेत, आणि शुल्क भरून नंबरावरून पत्र मागवता येतं. रिव्हॉल्व्हर कोणत्या तारखेला, कुणाकडे, कोणत्या लांबीच्या नळीचं आणि कोणत्या मुलाम्याचं रवाना झालं, ते त्यात येतं. नोंदीत निळा मुलामा असेल आणि हातात निकेल, तर प्रश्न सुटला. पत्र यायला दोन दिवसांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. विकणाऱ्याची मुदत त्याच्या सोयीची आहे, तुमच्या नव्हे. ‘पत्र आल्यावर व्यवहार’ असं सांगून बघा. खरी वस्तू असलेला माणूस थांबतो. त्या पत्राने त्याच्याही मालाची किंमत वाढते.

आता ज्या समजुतीवर तुमचा सगळा बेत उभा आहे ती बघू. कॅलिबर बाद झालं म्हणजे परवाना नको, हे तुम्ही गृहीत धरलंय. बाद झालेलं हे कायद्यातलं एक खातं आहे, आणि प्रत्येक देशाने ते आपापल्या परीने आखलंय. अमेरिकेचा १९६८चा केंद्रीय कायदा कॅलिबर नव्हे, मुख्यतः वर्ष बघतो: १८९८ किंवा त्याआधी बनलेलं ते पुराणवस्तू, आणि त्यावर राज्याराज्यांचे नियम वेगळेच. भारताच्या १९५९च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा जुन्या शस्त्रापुरती आहे. म्हणजे तुमचा विक्रेता ज्या गुणाची जाहिरात करतोय, ‘एकदम चालू स्थितीत’, त्याच गुणामुळे ते सुटीतून बाहेर पडू शकतं. आणि ब्रिटनचं उदाहरण तर नेमकं तुमच्या कॅलिबरचं आहे. तिथे बाद कॅलिबरांची सरकारी यादी असते. जुन्या रिव्हॉल्व्हरांत घरी बनवलेली काडतुसं घालून गुन्हे होऊ लागले, म्हणून २०२१ साली त्या यादीतून सात कॅलिबरं वगळली. त्यांत .४४ रशियन आहे. ज्यांच्या कपाटात ती वर्षानुवर्षं बिनपरवाना आणि कायदेशीर होती, त्यांना परवान्यासाठी अर्ज करावा लागला किंवा वस्तू हातावेगळी करावी लागली.

म्हणून तुम्ही जिथे राहता तिथला आजचा नियम परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी घ्या, आणि तेही पैसे देण्याआधी, वस्तू घरी आणण्याआधी. विकणाऱ्याचं तोंडी आश्वासन तुमच्या बाजूने उभं राहणार नाही. वस्तू सीमा ओलांडून येणार असेल तर आयात-निर्यातीचे नियम वेगळे विचारा. काडतुसांचेही वेगळे विचारा. पुष्कळ ठिकाणी शस्त्र सुटीत बसतं आणि काडतूस बसत नाही.

रेंजवर चालवण्याची हौस मला समजते. यंत्र आहे, ते चालताना बघावंसं वाटणारच. पण हे रिव्हॉल्व्हर ज्या काळी आखलं गेलं तो बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूचा काळ होता, आणि पोलादही त्या काळचं. आजच्या धूरविरहित दारूचा दाब वेगळ्या तऱ्हेने चढतो. त्यात सिलिंडर दुसऱ्याच रिव्हॉल्व्हरचं, म्हणजे सहाही चेंबर नळीच्या समोर अचूक येतात की नाही याचीच खात्री नाही. आणि मुलामा देताना घासून किती धातू गेला, कुणास ठाऊक.

तुमच्या मित्राचा सल्ला तर मापातही बसत नाही. .४४ रशियनचं कवच साधारण साडेचोवीस मिलिमीटर लांब. ते लांबवून १९०७ साली .४४ स्पेशल आलं, कवच साडेएकोणतीस. आणि १९५५ साली .४४ मॅग्नम, साडेबत्तीसच्या वर. कवचाची जाडी तिन्हींची जवळपास सारखीच, म्हणून मित्राला वाटलं की थोडं घासलं की झालं. पण गोळीसकट स्पेशलचं काडतूस एक्केचाळीस मिलिमीटरपर्यंत जातं, आणि या मॉडेलचं मूळ सिलिंडर साडेछत्तीसच्या आसपास आहे. पुढे थोडं लांब सिलिंडर आलं, तेही चाळीसच्या आतलं. काडतुसाचं टोक बाहेर येऊन सिलिंडर फिरणारच नाही. आणि आखूड गोळीची काडतुसं शोधून कुणी बसवलीच, तर त्यातला दाब या सांगाड्यासाठी मोजलेला नाही. चेंबर घासल्याने वस्तूची संग्राहकांच्या बाजारातली किंमत गेली, आणि चालवण्याजोगीही झाली नाही. कुणीतरी हे आधीच करून ठेवलेलं असू शकतं, म्हणून बघताना चेंबरच्या आत उजेड टाका. मूळ चेंबरमध्ये कवच जिथे संपतं तिथे एक स्पष्ट पायरी दिसते. ती नसेल तर कुणीतरी हात मारलाय.

नंबर ३सारखं रिव्हॉल्व्हर चालवायचीच इच्छा असेल तर त्याच घडणीची नवी प्रतिकृती परवाना काढून घ्या. ती आजच्या पोलादाची असते आणि आजच्या दाबासाठी तपासलेली असते. जुनं जपायला, नवं चालवायला. एकाच वस्तूकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलात, तर चालवताना तुमचा जीव तिच्या किमतीत अडकेल आणि जपताना बोटं शिवशिवतील.

प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा आधी विचारून हात लावा, नळी कुणाच्याही दिशेला नको, खिटी उचलून उघडा आणि सहाही चेंबर रिकामे असल्याचं डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. विकणारा ‘रिकामंच आहे’ म्हणाला तरी. उघडताना काडतुसं बाहेर ढकलणारी मधली चांदणीच्या आकाराची पट्टी वर येऊन टपकन परत बसायला हवी; अर्ध्यात अडकली तर आतले दाते झिजलेत. मग बंद करून नळी हलकेच वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. बिजागरीत खडखड असेल तर ते दुरुस्त करणारा कारागीर शोधण्यात तुमचं वर्ष जाईल. घोडा अंगठ्याने सावकाश मागे ओढा आणि दर वेळी सिलिंडर पक्कं अडकतंय ना बघा, सहाही वेळा. एखाद्याच चेंबरला ढिलं असतं आणि नेमकं तेच दाखवलं जात नाही. पूर्ण मागे ओढलेल्या घोड्याला अंगठ्याने पुढे ढकलल्यावर तो सुटला तर आतली खाच गेलीय. हे करताना घोडा अंगठ्याने धरूनच ठेवायचा आणि अलगद खाली आणायचा. रिकामा चाप ओढून ‘टक’ असा आवाज ऐकू नका. घोड्याचं टोक जुनं आहे, मोडलं तर मूळ मिळत नाही.

नळीत उजेड टाकून बघताना पीळदार चरांवरून एखादी काळसर कडी दिसते का ते बघा. तशी कडी म्हणजे आत कधीतरी गोळी अडकली होती आणि मागून दुसरी आली. नळी तिथे फुगलेली असते. बारीक खड्डे मात्र बहुतेक जुन्या नळ्यांत असतात. काळ्या दारूची राख ओल धरते, आणि त्या काळी काडतुसाच्या तळाशी ठिणगी पाडणाऱ्या टोप्यांतलं क्षारही धातू खातं. थोडे खड्डे वयाचे मानायचे. नळी मुळात किती रुंद आहे हे मोजायचं ठरलं तर जाणकाराकडे द्या: या कारखान्याच्या नळीत पाच चर असतात, समोरासमोर चर येत नाही, म्हणून साध्या मायक्रोमीटरने माप चुकतं.

गुंतवणुकीचा भाग लवकर संपवतो, कारण त्यात फारसं काही नाही. वरची पायरी, म्हणजे नंबर जुळलेली, मुलामा मूळ असलेली, पत्र असलेली रिव्हॉल्व्हरं भाव धरून राहतात. मधली पायरी घेताना महाग आणि विकताना स्वस्त असते. लिलावात विकलीत तर कमिशन जातं, गिऱ्हाईक फक्त कायद्याने घेऊ शकणाऱ्यांतलंच, आणि नियम बदलला तर तेही गायब. तुम्हाला देऊ केलेलं रिव्हॉल्व्हर मधल्या पायरीवरचं असूनही वरच्या पायरीच्या भावात विकलं जातंय.

मग घ्यावं का? ‘सगळं मूळ, झारच्या अधिकाऱ्याचं’ या किमतीला नाही. ‘नंतर मुलामा दिलेलं, सिलिंडर बदललेलं, गोष्टीला पुरावा नसलेलं’ या किमतीला, लेखी नियम हातात आल्यावर, बिजागरी आणि नळी ठीक असतील तर, आणि ते कधीही चालवायचं नाही हे मनाशी ठरवून: जरूर घ्या. अभ्यासाला ती उत्तम वस्तू आहे. ज्यांना आवड आहे पण वरच्या पायरीची ऐपत नाही, त्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. अट एवढीच की विकणाऱ्याने पावतीवर हे सगळं लिहून द्यावं. ‘लिहून देत नाही, पण शब्द देतो’ असं आलं तर उठा.

तुमच्या पत्नीच्या नकाराला पत्रात एकच ओळ आली, पण मला तो या व्यवहारातला सगळ्यात रास्त आक्षेप वाटतो. त्यांना नेमकं काय नको आहे, ते विचारलंत का? घरात शस्त्र नको, लहान मुलं येतात-जातात, पैसे नको तिथे चाललेत, की तुमच्यानंतर याचं काय करायचं हे कळत नाही? पहिल्या दोहोंना कुलूपबंद लोखंडी कपाट आणि काडतुसं घरात नसणं हे उत्तर असू शकतं. कायद्याने परवाना लागत नसला तरी कुलूप लागतंच. शेवटच्याला लेखी नोंद: हे काय आहे, कुठून घेतलं, कुणाला विचारून विकायचं. आणि हे सगळं करूनही त्यांचं नाहीच असेल, तर घर दोघांचं आहे. निकामी करून भिंतीवर लावायचा पर्याय कुणी सुचवेल. वेल्डिंग केलेली वस्तू पुन्हा पूर्ववत होत नाही आणि संग्राहक तिला हात लावत नाहीत, हे धरूनच तो विचार करा.

घेतलंतच, तर पॉलिशचा डबा दूर ठेवा. मऊ कापडाने पुसायचं, संग्रहालयात वापरतात तसं सूक्ष्म मेण पातळसं लावायचं, आणि हात लावल्यावर दर वेळी घाम पुसून ठेवायचं. अमोनिया असलेलं द्रावण निकेलवर नको. मुलाम्याखाली तांब्याचा थर असेल तर ते चिरेतून आत जाऊन मुलामा सोडवतं. जुनं चामडी म्यान मिळालं तर ते शेजारी ठेवा, पण रिव्हॉल्व्हर त्यात ठेवू नका, चामडं ओल आणि आम्ल धरून ठेवतं.

राहिली ती अकरा काडतुसं. ती झाडायची नाहीत, उघडून बघायची नाहीत, तेल लावून चमकवायचीही नाहीत. मूळ खोक्यात पूर्ण भरलेली असती तर त्यांना वेगळे गिऱ्हाईक असते. सुट्या अकरांना फारसा भाव नाही. तुमच्या परवान्यात किंवा सुटीत ती बसतात असं लेखी मिळेपर्यंत ती विकणाऱ्याकडेच राहू द्या, आणि त्यांची रक्कम किमतीतून आजच वजा करायला सांगा.